पहाटे मासे मेले, दुपारच्या नमुन्यात पाणी मात्र ‘मर्यादेत’ : नदीचे पाणी गावाने स्वतः कसे तपासावे?

शिरोळ_विज्ञान

सर्वांना नमस्कार. मी शिरोळ तालुक्यात, पंचगंगेच्या काठावरील एका गावच्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. गेल्या उन्हाळ्यात आमच्या गावालगतच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घातलेले असताना, वरच्या बाजूच्या साठलेल्या पाण्यात एका पहाटे मासे मेले. उजाडताना शेतीपंप सुरू करायला नदीवर गेलेल्या लोकांनी मासे पाण्याबाहेर तोंड काढून तडफडताना पाहिले आणि ऊन चढेपर्यंत काठाला मेलेल्या माशांचा थर लागला. ग्रामपंचायतीने त्याच दिवशी लेखी तक्रार केली. संबंधित कार्यालयाचे कर्मचारी दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास आले आणि काठावरून नमुना घेऊन गेले. नंतर आलेल्या अहवालात पाण्याचे तापमान ३० अंश, विरघळलेला प्राणवायू लिटरला ९.४ मिलीग्रॅम, सामू (पीएच) ८.५ आणि शेवटी ‘मर्यादेत’ असा शेरा होता. मासे कशाने मेले, याविषयी त्यात एक शब्दही नव्हता. अहवालच खोटा आहे, असे गावात उघडपणे बोलले जाते.

ग्रामपंचायत आणि शाळा मिळून नदीच्या पाण्याची नियमित तपासणी सुरू करावी, असा विचार आहे. खर्च करण्याची ताकद मर्यादित आहे. कोणत्या गोष्टी मोजाव्यात, कोठे आणि केव्हा मोजाव्यात, आणि अशा नोंदींना पुढे काही वजन मिळते का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

निवृत्त_रसायनतज्ज्ञ

गुरुजी, आपण अहवालातील आकडे दिलेत हे फार चांगले केलेत, कारण माझ्या मते अहवाल खोटा नसावा. आपल्या गावाची बाजू त्या अहवालातच लिहिलेली आहे, पण ती कोणी वाचलेली दिसत नाही.

३० अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात हवेतून विरघळून जास्तीत जास्त साडेसात मिलीग्रॅम प्राणवायू मावतो आणि समुद्रसपाटीपासूनची आपल्याकडची उंची धरली तर त्याहूनही थोडा कमी. मग ९.४ आला कोठून? तो हवेतून आलेला नाही, पाण्यातील शैवालाने उन्हात तयार केलेला आहे. शैवाल प्रकाशसंश्लेषण करताना पाण्यातील कार्बन डायऑक्साइड ओढून घेते, त्यामुळे सामूही वर सरकतो आणि आपल्या अहवालातील ८.५ हा सामू त्याला पूरक आहे. सूर्य मावळला की हेच शैवाल प्राणवायू देण्याऐवजी घेऊ लागते. तळाशी साचलेला सांडपाण्याचा गाळ कुजवणारे जिवाणू तर दिवसरात्र प्राणवायू खातच असतात. बरगे घातल्याने पाणी वाहत नाही, खळाळत नाही, म्हणून हवेतून भरपाईही फारशी होत नाही. परिणामी रात्रभर पातळी उतरत जाते आणि सूर्योदयाच्या आधी ती सर्वांत खाली असते. ज्या पाण्यात दुपारी नऊ-साडेनऊ दिसतात, त्याच पाण्यात पहाटे एक-दीड दिसणे यात मला काहीही नवल वाटणार नाही. केवळ किमान मर्यादा ठरवून तपासणी केली की हा आकडा उत्तम समजला जातो. खरे तर नदीच्या पाण्यात दुपारी क्षमतेपेक्षा बराच अधिक प्राणवायू आढळला तर तो आजाराचे लक्षण मानावा.

म्हणून माझा पहिला आणि सर्वांत आग्रहाचा सल्ला असा की, आपली तपासणी सूर्योदयापूर्वी करा आणि त्याच दिवशी, त्याच जागी, दुपारी तीन वाजता पुन्हा करा. या दोन आकड्यांमधील अंतर जितके मोठे, तितकी त्या पाण्यात खतावलेपणाची, म्हणजे खाद्य वाढून शैवाल माजण्याची, मात्रा जास्त. महिन्यातून एकदा दुपारी घेतलेल्या बारा नमुन्यांपेक्षा उन्हाळ्यातील चार पहाटेच्या नोंदी आपल्या प्रश्नाला अधिक उपयोगी पडतील.

मोजण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. विंकलर पद्धत शाळेच्या प्रयोगशाळेत सहज होते. काचेच्या बुचाची ३०० मिलिलिटरची बीओडी बाटली पाण्याखाली बुडवून, आत हवेचा एकही बुडबुडा राहणार नाही अशी भरायची आणि पाण्याखालीच बूच लावायचे. नंतर पिपेटचे टोक पाण्यात बुडवून मँगनीज सल्फेटचे आणि अल्कली-आयोडाइड-अझाइडचे प्रत्येकी २ मिलिलिटर द्रावण सोडायचे, बूच लावून बाटली उलटसुलट करायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो, जितका गडद तितका प्राणवायू जास्त. साका पांढराच राहिला तर त्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नाही. तो पांढरा साका गावकऱ्यांनी नदीकाठी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा असे मला मनापासून वाटते, कारण मग अहवालाची वाट पाहावी लागत नाही. साका खाली बसला की २ मिलिलिटर संहत सल्फ्युरिक आम्ल घालायचे, द्रावण सोनेरी पिवळे होते. या टप्प्यावर नमुना स्थिर झालेला असतो आणि पुढचे काम शाळेत नेऊन करता येते. त्यातील २०० मिलिलिटर घेऊन, स्टार्च हा दर्शक वापरून, ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने अनुमापन (थेंबाथेंबाने द्रावण घालून मोजणी) केले की निळा रंग नाहीसा होईपर्यंत जितके मिलिलिटर लागले, तितके मिलीग्रॅम प्रति लिटर प्राणवायू, इतका सोपा हिशेब आहे. अझाइड विषारी आहे आणि आम्ल संहत आहे, त्यामुळे हे टप्पे हातमोजे आणि चष्मा घालून शिक्षकांनीच करावेत, विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नयेत.

दुसरे साधन म्हणजे विद्युतवाहकता मोजणारा खिशातला मीटर. पाण्याचे फिल्टर विकणारे ज्याला टीडीएस मीटर म्हणतात, तोही चालतो. सांडपाण्यात आणि विशेषतः कापडावर प्रक्रिया करणाऱ्या उद्योगांच्या पाण्यात क्षार पुष्कळ असतात. नदीच्या काठाने वरच्या दिशेने चालत ठरावीक अंतरावर वाहकता मोजत गेले की आकडा जेथे एकदम बदलतो, तेथे एखादा ओढा किंवा नाला मिळालेला असतो. मात्र एक काळजी घ्यावी. नाल्याचे पाणी मिळाल्यानंतर बरेच अंतर ते एकाच काठाला धरून वाहते, म्हणून दोन्ही काठांना आणि शक्य झाल्यास पुलावरून मध्यप्रवाहात, पृष्ठभागाखाली सुमारे ३० सेंटिमीटरवर नमुना घ्यावा. काठालगतचा फेस आणि तवंग बाटलीत घेऊ नये.

बीओडी म्हणजे पाण्यातील घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू. तिची चाचणी आपल्याकडे २७ अंश सेल्सिअसला ३ दिवस नमुना ठेवून करतात. ती चांगल्या प्रयोगशाळेकडूनच करून घ्यावी आणि नमुना बर्फात ठेवून २४ तासांच्या आत पोहोचवावा. तिच्यासोबत सीओडी (तीच घाण रसायनाने जाळायला लागणारा प्राणवायू) अवश्य मागावा, कारण उद्योगाच्या पाण्यात जिवाणूंना मारणारे काही असेल तर बीओडी फसवी कमी येते, सीओडी तशी फसत नाही. साखर हंगामात मळीमिश्रित पाणी सुटल्याचा संशय असेल तर प्रमाण ध्यानात असू द्या : घरगुती सांडपाण्याची बीओडी लिटरला साधारण दोन-अडीचशे मिलीग्रॅम असते, तर मद्यार्क प्रकल्पाच्या प्रक्रिया न केलेल्या पाण्याची चाळीस-पन्नास हजारांच्या घरात असते. म्हणजे त्याचे एक लिटर पाणी नदीतला जितका प्राणवायू खाते, तितका खायला सुमारे दोनशे लिटर सांडपाणी लागेल. म्हणूनच थोडा वेळ, रात्रीच्या अंधारात सोडलेले पाणीही पुरेसे ठरते.

मत्स्यपदविका_सांगली

वरील विवेचनाशी मी पूर्ण सहमत आहे. मासे प्राणवायूच्या अभावाने मेले की विषाने, हे ठरवण्यासाठी मेलेल्या माशांकडे नीट पाहिले तर बरेच कळते, आणि ते पहिल्या दोन तासांतच पाहावे लागते. एवढी तातडी कोणतेही कार्यालय दाखवू शकत नाही, पण गाव दाखवू शकते.

प्राणवायू कमी पडला तर सहसा मोठे मासे आधी मरतात आणि लहान पिले पुष्कळदा तगतात. मरण्याआधी मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतात आणि जेथे थोडेफार ताजे पाणी मिळते, उदाहरणार्थ बंधाऱ्याच्या गळतीजवळ किंवा एखाद्या झऱ्याच्या तोंडाशी, तेथे गर्दी करतात. वेळ पहाटेची असते. विष असेल तर लहानमोठे सर्व एकाच वेळी, दिवसाच्या कोणत्याही प्रहरी मरतात आणि बेडूक, खेकडे, झिंगेही मरतात. सर्वांत बोलका साक्षीदार मरळ आहे. मरळ हवेतून थेट श्वास घेऊ शकतो, त्यामुळे केवळ प्राणवायू घटल्याने तो सहजी मरत नाही. रोहू आणि कटला मेले आणि मरळ जिवंत राहिला, तर प्राणवायूकडे बोट दाखवावे. मरळही मेला असेल तर विषाचा संशय धरून पाण्यासोबत काही ताजे मासे बर्फात ठेवून तपासणीला पाठवावेत.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. वरच्या एखाद्या बंधाऱ्याचे बरगे काढले की तेथे आठवडेच्या आठवडे साठलेले, तळातले कुजट पाणी एकदम खाली येते आणि पुढच्या बंधाऱ्यात मासे मरतात. वळवाच्या पहिल्या जोरदार पावसानंतरही हेच घडते, कारण नाल्यांमध्ये साचलेली घाण एका दमात नदीत येते आणि आभाळ भरलेले असल्याने शैवालाकडून दिवसाही प्राणवायू मिळत नाही. म्हणून आपल्या नोंदवहीत पाण्याच्या आकड्यांसोबत वरच्या बंधाऱ्याचे बरगे घातलेले आहेत की काढलेले, हा रकाना असलाच पाहिजे. हवामान, पाण्याचा रंग आणि वास यांचीही नोंद त्याच ओळीत करावी.

शिरोळ_विज्ञान

आपण दोघांनी दिलेल्या माहितीबद्दल मनःपूर्वक आभार. त्या दिवशी मोठे मासेच अधिक मेले होते आणि गावातील भोई समाजाच्या जुन्या मंडळींनी मरळ मेला नसल्याचे तेव्हाच सांगितले होते, परंतु त्याचे महत्त्व आम्हाला कळले नव्हते. पाणीही त्या आठवड्यात हिरवट दिसत होते. मग आता प्रश्न असा पडतो की, शैवाल इतके वाढतेच कशाने, आणि ते थांबवायचे तर नेमके काय मोजत राहावे?

तळे_निरीक्षण_कोल्हापूर

शैवालाचे खाद्य म्हणजे नत्र आणि स्फुरद. त्यातही साठलेल्या पाण्यात सहसा स्फुरदावर सर्व काही अवलंबून असते. तो प्रामुख्याने सांडपाणी, कपडे धुण्याची पावडर आणि शेतातून वाहून येणारी खते यांतून येतो. बरगे घातल्यावर नदीचा तो तुकडा वागण्याने तलावच होतो, त्यामुळे तलावाच्या अभ्यासातील काही गोष्टी आपल्याला थेट उपयोगी पडतील.

आमच्या कोल्हापूरच्या रंकाळ्याचेच पाहा. शाम सोसायटी नाला आणि परताळा या बाजूंनी येणाऱ्या सांडपाण्याने तलाव खतावला आणि मायक्रोसिस्टिस या नील-हरित शैवालाचा हिरव्या रंगासारखा थर त्यावर धरू लागला. सांडपाणी अडवणे ही पहिली पायरी आहेच आणि तिला पर्याय नाही. परंतु तलावाची खरी अडचण गाळात असते. गाळात लोहाशी बांधलेला स्फुरद, तळाशी प्राणवायू असेपर्यंत, तेथेच राहतो. तळाचा प्राणवायू संपला की तो सुटून पुन्हा पाण्यात येतो, आणि त्यामुळे बाहेरचे सांडपाणी थांबवल्यावरही कित्येक वर्षे पाणी हिरवे होत राहू शकते. यासाठी पृष्ठभागाच्या नमुन्यासोबत तळालगतचा नमुनाही घ्यावा. वजन बांधलेली, दोरीने बूच ओढून उघडता येणारी बाटली शाळेत तयार करता येते. प्राणवायूच्या मोजणीसाठी मात्र तिच्यातील पाणी बीओडी बाटलीत वरून ओतू नये, नळी बीओडी बाटलीच्या तळापर्यंत घालून हळूहळू भरावे.

सर्वांत स्वस्त साधन म्हणजे सेकी चकती. २० सेंटिमीटर व्यासाची, चार भागांत आलटून पालटून काळी आणि पांढरी रंगवलेली ही चकती अँजेलो सेकी या इटालियन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते आणि तिचे मूळ, पांढरे रूप १८६५ पासून वापरात आहे. सावलीच्या बाजूने, खुणा केलेल्या दोरीने ती पाण्यात सोडायची, दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसू लागते ती खोली, या दोन्हींची सरासरी लिहायची. दर आठवड्याला एकाच जागी, एकाच वेळी ही नोंद ठेवली तर शैवाल वाढू लागल्याचे मासे मरण्याच्या बरेच दिवस आधी लक्षात येते. पावसाळ्यात गढूळपणा मातीचा असतो, म्हणून त्या काळातील आकडे वेगळे ठेवावेत.

एक धोक्याची सूचना. पाणी हिरवे झाले की त्यात मोरचूद टाकण्याचा सल्ला कोणीतरी देतोच. नील-हरित शैवालाच्या पेशी त्याने फुटतात आणि त्यांतील विष एकदम पाण्यात उतरते. हे विष उकळल्यानेही नष्ट होत नाही. जेथून पिण्याचे पाणी उचलले जाते तेथे हा उपाय कदापि करू नये. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातील मायक्रोसिस्टिन-एलआर या विषासाठी लिटरला १ मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचवली आहे, यावरून त्याची तीव्रता ध्यानात येईल.

अमोनियाविषयी थोडेसे. सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी एक टक्काही माशांना मारणाऱ्या मुक्त रूपात नसतो. सामू ९ झाला की उन्हाळ्याच्या तापमानात हे प्रमाण एक तृतीयांशाच्या पुढे जाते. म्हणजे पहाटे प्राणवायूचा धोका आणि भर दुपारी अमोनियाचा, असा तो पेच आहे. अमोनियाचा नमुना घेताना त्याच क्षणी सामू आणि तापमान लिहिले नाही तर त्या आकड्याचा अर्थ लावता येत नाही.

जलसुरक्षक_करवीर

मी ग्रामपंचायतीत जलसुरक्षक म्हणून काम करतो, म्हणून पिण्याच्या पाण्याच्या बाजूने लिहितो. नदीतील प्राणवायू आणि गावच्या नळाचे पाणी या दोन वेगळ्या तपासण्या आहेत आणि एकीचा निष्कर्ष दुसरीला लावू नये. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती, हे आपल्या भागात कोणी विसरलेले नाही. तसे पुन्हा घडू नये म्हणून रोज करायची गोष्ट म्हणजे ओटी टेस्ट, म्हणजे ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून पाण्यात उरलेला क्लोरीन पाहण्याची चाचणी. टाकीजवळच्या नळाला क्लोरीन दिसतो म्हणून समाधान मानू नये, गावाच्या शेवटच्या टोकाच्या नळाला किमान ०.२ मिलीग्रॅम उरलेला क्लोरीन मिळाला पाहिजे. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर उघडी किंवा ओलसर जागी ठेवली तर तिच्यातील क्लोरीन उडून जातो, मग कितीही टाकली तरी चाचणीत पिवळा रंग येत नाही.

जलजीवन मिशनमधून ग्रामपंचायतीला क्षेत्रीय तपासणी संच मिळतो आणि गावातील पाच महिलांना त्याचे प्रशिक्षण दिले जाते. आपल्या गावात तो संच कपाटात असेल तर बाहेर काढावा, त्या ताईंना शाळेच्या उपक्रमात सोबत घ्यावे. जिवाणूंसाठीच्या बाटलीत पाणी भरून ठेवल्यावर ते २४ ते ४८ तासांत काळे झाले तर ते पाणी विष्ठेने दूषित असल्याचा संशय धरून तालुक्याच्या प्रयोगशाळेकडे नमुना पाठवावा. हा नमुना निर्जंतुक बाटलीतच घ्यायचा असतो आणि नळाचे पाणी असेल तर बाटलीत सोडियम थायोसल्फेट असावे लागते, नाहीतर वाटेत क्लोरीन जिवाणू मारत राहतो आणि अहवाल चांगला येतो.

हरित_विधी

नोंदींना वजन मिळते का, या आपल्या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या अंगाने देतो. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ च्या कलम २१ नुसार एखाद्या कारखान्याच्या किंवा नाल्याच्या सांडपाण्याचा नमुना त्या कायद्याखालील कारवाईत पुरावा म्हणून मांडायचा असेल, तर तो प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने संबंधितांना सूचना देऊन, दोन भागांत विभागून, मोहोरबंद करून आणि स्वाक्षऱ्या घेऊन गोळा करावा लागतो. शाळेने भरलेली बाटली ती जागा घेऊ शकत नाही. परंतु अधिकाऱ्यांनी नमुना कोठून, किती वाजता आणि कोणत्या परिस्थितीत घ्यावा, हे तक्रारीत नेमकेपणाने मागण्यासाठी आपल्या नोंदी अत्यंत उपयुक्त आहेत. ‘मासे मेले, चौकशी करावी’ असे लिहिण्याऐवजी ‘सूर्योदयापूर्वी बंधाऱ्याच्या वर अमुक ठिकाणी विरघळलेला प्राणवायू इतका आढळला, दुपारी तीनला इतका आढळला, सबब मंडळाने पहाटे पाच ते सहा या वेळेत नमुना घ्यावा’ असे लिहिले, तर दुपारचा नमुना घेऊन विषय मिटवणे कठीण जाते.

मर्यादेचा उल्लेख करताना पाण्याचा वापर कोणता हे लिहावे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणात स्नानासाठीच्या पाण्यात प्राणवायू किमान ५ आणि बीओडी कमाल ३ मिलीग्रॅम असावी लागते, तर मत्स्यजीवनासाठी प्राणवायू किमान ४ आणि मुक्त अमोनिया १.२ पेक्षा अधिक नसावा लागतो. नुसत्या ‘मर्यादेत’ या शेऱ्याला आपण लेखी विचारू शकता की, कोणत्या वापराच्या मर्यादेत? माहिती अधिकारात नमुन्याची वेळ, ठिकाण आणि नमुना प्रयोगशाळेत पोहोचल्याची वेळ मागता येते. छायाचित्रे घेताना स्थान आणि वेळ उमटेल अशी व्यवस्था ठेवावी, आणि नोंदवहीची पाने क्रमांकित करून प्रत्येक नोंदीवर दोन साक्षीदारांच्या स्वाक्षऱ्या घ्याव्यात.

शिरोळ_विज्ञान

आजच मुख्याध्यापक आणि सरपंचांशी बोललो. वेळ, जागा, खोली, तापमान, प्राणवायू, वाहकता, सामू, सेकी खोली, बरग्यांची स्थिती आणि शेरा, असे रकाने आखून नोंदवही तयार करत आहोत. बरगे घातल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यापासून पहाटे आणि दुपारी नोंद सुरू होईल. भोई समाजातील दोघेजण होडी घेऊन मध्यप्रवाहात न्यायला तयार झाले आहेत. एकच शंका उरते. पहाटे नदीवर साका धरवून ठेवलेल्या बाटल्या शाळा भरेपर्यंत, म्हणजे सुमारे चार तास, ठेवल्या तर चालतील का?

निवृत्त_रसायनतज्ज्ञ

होय, आम्ल घालून स्थिर केलेला नमुना अंधारात आणि थंड जागी आठ तासांपर्यंत ठेवता येतो. मात्र बुचाभोवतीच्या कडेला पाणी भरून ठेवा, म्हणजे आत हवा शिरणार नाही, आणि बाटल्या उन्हात राहू देऊ नका, कारण आयोडीन उडून गेल्यास आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी येईल. थायोसल्फेटचे द्रावणही जुने झाले की त्याची तीव्रता बदलते, म्हणून दर आठवड्याला पोटॅशियम डायक्रोमेटच्या साहाय्याने ती तपासून नोंदवहीत लिहावी. कार्यालयाचे कर्मचारी पुन्हा आले तर त्याच वेळी, त्याच जागी आपलीही बाटली भरून घ्यावी.